परभणीची पोरं एकेकाळी सायन्स उर्दूतून शिकायची, त्यासाठी शब्दांचा कारखाना सुरू करणारा माणूस औरंगाबादेत राहायचा

2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. परभणीसह सगळ्या जिल्ह्यांत निजामकाळातली जुनी दप्तरं बाहेर निघाली, आणि अडचण लक्षात आली. बरीचशी कागदपत्रं मोडी आणि उर्दूत होती. नातवंडांना आजोबांच्या जमिनीचा कागद वाचता येईना. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली.

याचं कारण सगळ्यांना माहितीये. 1948 पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि कारभाराची भाषा उर्दू होती.

पण उर्दू फक्त कचेरीत नव्हती. परभणीच्या एखाद्या पोराला पुढं शिकायचं असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, इकॉनॉमिक्स सगळं उर्दूतून शिकावं लागायचं. आता प्रश्न असा पडतो की इंग्रजीतले हे सगळे नवे शब्द उर्दूत आले कुठून?

ते बनवले गेले. अक्षरशः पगारी माणसं बसवून बनवले गेले. या कामाचा पहिला प्रमुख होता मौलवी अब्दुल हक. उर्दूवाले त्यांना बाबा-ए-उर्दू म्हणतात, म्हणजे उर्दूचे वडील. आणि त्यांच्या आयुष्यातली महत्त्वाची वर्षं गेली ती आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात.

अब्दुल हक यांचा जन्म 1870 चा, उत्तर प्रदेशातल्या हापूडजवळचा. शिक्षण अलीगढला झालं. 1894 मध्ये बी.ए. झाले आणि नोकरीसाठी हैदराबाद संस्थानात आले. आधी शिक्षकी केली, मग शिक्षण खात्यात वर चढले आणि औरंगाबाद सुभ्याच्या शाळा तपासायचं काम त्यांच्याकडं आलं. या सुभ्यात औरंगाबाद, बीड, नांदेड आणि परभणी असे चार जिल्हे होते.

1912 मध्ये त्यांच्याकडं अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेची सूत्रं आली. उर्दूच्या वाढीसाठी 1903 मध्ये निघालेली ही संस्था तेव्हा जेमतेम चालू होती. अब्दुल हक यांनी तिची कचेरी थेट औरंगाबादला आणली. पुढची वीसेक वर्षं देशभरातल्या उर्दूची सूत्रं मराठवाड्यातून हलत होती. जुन्या दखनी कवींची हस्तलिखितं त्यांनी शोधून छापली. 1921 मध्ये उर्दू नावाचं त्रैमासिक औरंगाबादेतून काढलं आणि 1928 मध्ये सायन्स नावाचं दुसरं.

त्याआधी, 1917 मध्ये, मोठी गोष्ट घडली.

निजाम मीर उस्मान अली खान यांनी हैदराबादला नवीन विद्यापीठ काढायचा हुकूम दिला. त्यामागं डोकं होतं सर अकबर हैदरी यांचं. विद्यापीठ काढणं नवीन नव्हतं. मुंबई, कलकत्ता, मद्रासची विद्यापीठं 1857 पासून चालू होती, पण तिथं सगळं इंग्रजीतून शिकवायचे. उस्मानिया विद्यापीठात मात्र इंग्रजी हा एक सक्तीचा विषय ठेवून बाकी सगळं उर्दूतून शिकवायचं ठरलं. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारं हे देशातलं पहिलं विद्यापीठ.

ठरलं खरं, पण पुस्तकं कुठायत? मग 1917 मध्येच दारुल तर्जुमा नावाचं भाषांतर खातं काढलं आणि त्याचे पहिले नाझिम, म्हणजे प्रमुख, झाले अब्दुल हक.

या कामाची अडचण समजून घ्यायची असेल तर तेव्हा इंग्रजीत काय चाललं होतं ते बघायला पाहिजे. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत इंग्रजीत नव्या शब्दांचा पूर आला होता. 1909 मध्ये जीन हा शब्द आला. 1912 मध्ये कासिमिर फुंक नावाच्या संशोधकानं जीवन या अर्थाचा लॅटिन शब्द घेऊन व्हिटॅमिन शब्द तयार केला. 1913 मध्ये आयसोटोप आला. तो सुचवला होता मार्गारेट टॉड या डॉक्टर आणि लेखिका असलेल्या बाईंनी. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ होतो एकाच जागेवरचा.

म्हणजे इंग्रजीकडंही हे शब्द तयार नव्हतेच. तिकडची मंडळी ग्रीक आणि लॅटिनच्या कोठारातून सुटे भाग आणून शब्द जोडत होती. तेच काम हैदराबादेत अरबी आणि फारसीच्या कोठारातून करायचं होतं.

त्यासाठी विषयवार जाणकारांच्या समित्या बसल्या. एकीकडं विषयाचे तज्ज्ञ, दुसरीकडं भाषेचे पंडित. एकेका शब्दावर खल व्हायचा. वादही जोरदार व्हायचे. एका गटाला वाटायचं, अरबी हीच शास्त्राची भाषा, शब्द तिथूनच घ्या. दुसऱ्या गटाचं म्हणणं होतं की उर्दू याच मातीतली भाषा आहे, मग फारसी आणि हिंदीतले सोपे शब्द का नकोत? या दुसऱ्या गटातले वहीदुद्दीन सलीम यांनी शब्द कसे घडवावेत यावर अख्खं पुस्तकच लिहिलं. ते 1921 मध्ये अब्दुल हक यांच्या अंजुमननंच छापलं.

हे शब्द घडवायची पद्धत आपल्यालाही समजते, कारण तिचे सुटे भाग मराठीत पडलेले आहेत.

गावांच्या नावापुढं खुर्द आणि बुद्रुक असतं ना? खुर्द म्हणजे लहान. बीन म्हणजे बघणारं. म्हणून लांबचं दाखवणारी ती दूरबीन, जिला आपण दुर्बीण म्हणतो, आणि बारीक वस्तू दाखवणारा मायक्रोस्कोप तो खुर्दबीन. जमिनीची पैमाईश करतात त्यातलाच पैमा घेऊन थर्मामीटरला शब्द आला तपिश पैमा. शास्त्रांच्या नावांना यात हा शेवट लावला. इकॉनॉमिक्स झालं मआशियात, सायकॉलॉजी झाली नफसियात.

व्हिटॅमिनला उर्दूत शब्द आला हयातीन, कारण हयात म्हणजे जीवन. मराठीत आपण जीवनसत्त्व म्हणतो. आयसोटोपला उर्दूत हमजा, म्हणजे एकाच जागेचा. मराठीत समस्थानिक. लॅटिन, ग्रीक, फारसी आणि संस्कृत असे वेगवेगळ्या दुकानांतून माल घेतला, पण शिलाई एकच.

अब्दुल हक काही फार काळ नाझिम राहिले नाहीत. नंतर ते औरंगाबादच्या उस्मानिया कॉलेजचे प्राचार्य झाले. पण दारुल तर्जुमा चालू राहिला, शेकडो पुस्तकं उर्दूत आली. पुढं 1937 मध्ये अब्दुल हक यांच्या संपादनाखाली मोठा इंग्रजी-उर्दू कोश छापला गेला.

माणूस म्हणून ते कसे होते याचा अंदाज त्यांच्या एका लेखावरून येतो. औरंगाबादेत त्यांचं घर बीबी का मकबऱ्याच्या बागेतच होतं आणि बागेची देखरेखही त्यांच्याकडं होती. तिथं नामदेव नावाचा माळी होता, तेव्हाच्या अस्पृश्य समाजातला. स्वतःला मूलबाळ नाही, रोपांनाच लेकरांसारखं जपायचा. दुष्काळात लांबून पाणी आणून झाडं जगवायचा. शेवटी काम करता करताच मधमाश्यांच्या हल्ल्यात गेला. अब्दुल हक यांनी मोठमोठ्या माणसांची व्यक्तिचित्रं लिहिली, त्याच पुस्तकात या माळ्यालाही बसवलं. हा लेख उर्दूच्या पाठ्यपुस्तकांत शिकवला गेला. मराठवाड्यातला एक गरीब माळी उर्दू वाचणाऱ्या कित्येक पिढ्यांना माहिती झाला तो असा.

मराठीचाही त्यांनी अभ्यास केला होता. मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला यावर त्यांचं 1933 चं पुस्तक आहे. गंमत म्हणजे त्याच काळात तिकडं रत्नागिरीत सावरकर भाषाशुद्धीची चळवळ चालवत होते आणि मराठीतले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द घालायला सांगत होते.

पण या सगळ्यात एक मोठी गोम होती.

आपल्या भाषेतून शिकलं की ज्ञान लवकर डोक्यात शिरतं, या विचारावर उस्मानिया उभं राहिलं. पण आपली भाषा म्हणजे नेमकी कुणाची? हैदराबाद संस्थानात निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलायचे, पावभर मराठी. उर्दू बोलणारे साधारण दहा-बारा टक्के. परभणीच्या पोराला इंग्रजी जशी परकी तशी मआशियातही परकीच. घरी मराठी, प्राथमिक शाळेत थोडीफार मराठी, आणि पुढं गाडी उर्दूच्या रुळावर. लंडनहून येणारे शब्द थांबले, त्यांच्या जागी हैदराबादचे आले, एवढाच काय तो फरक.

ही खदखद बाहेर पडलीच. 1937 मध्ये संस्थानातल्या मराठी लोकांची महाराष्ट्र परिषद भरली, ती परतूरला. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. पुढच्याच वर्षी वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांचा लढा पेटला, त्याची ठिणगी पडली औरंगाबादच्या उस्मानिया कॉलेजच्या वसतिगृहात. अब्दुल हक जिथं प्राचार्य होते तेच हे कॉलेज. कॉलेजातून काढलेली कितीतरी पोरं शिक्षणासाठी नागपूरला गेली. त्यात पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव पण होते.

तोवर अब्दुल हकही बदलले होते. 1936 मध्ये नागपूरला भारतीय साहित्य परिषद भरली. देशाची भाषा कोणती यावरून गांधीजींशी त्यांचे मतभेद झाले. तिथून कोशकार मागं पडला आणि उर्दूचा लढवय्या पुढं आला. अंजुमनची कचेरी औरंगाबादहून दिल्लीला हलली. 1947 च्या दंगलीत तिच्यावर हल्ला झाला, आयुष्यभर जमवलेली कागदपत्रं आणि पुस्तकं गेली. अब्दुल हक कराचीला गेले आणि वयाच्या ऐंशीच्या आसपास पुन्हा शून्यातून सुरुवात केली. तिथं उर्दू कॉलेज काढलं, त्याचं आता विद्यापीठ झालंय.

पण जी चूक हैदराबादेत झाली तीच तिकडंही झाली. पूर्व पाकिस्तानात बंगाली बोलणारे बहुसंख्य होते. 21 फेब्रुवारी 1952 ला ढाक्यात भाषेसाठी पोरांनी गोळ्या खाल्ल्या. तरी 1954 मध्ये बंगालीला बरोबरीचा दर्जा द्यायचं ठरलं तेव्हा त्याविरोधात कराचीत मोर्चा निघाला, आणि त्याच्या पुढं होते म्हातारे अब्दुल हक. 16 ऑगस्ट 1961 ला ते वारले. दहा वर्षांनी बांगलादेश वेगळा झाला, त्याची एक मोठी सुरुवात या भाषेच्या भांडणात होती.

इकडं सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद भारतात आलं आणि उस्मानियात उर्दूच्या जागी इंग्रजी आली. 1958 मध्ये मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं.

दारुल तर्जुमातले शास्त्राचे शब्द परभणीत कुणाच्या तोंडात राहिले नाहीत. मआशियात म्हणजे काय हे आज तिथं उर्दू शाळेत शिकलेल्यांनाच माहिती असेल. पण तहसील, पैमाईश, दुर्बीण, खुर्द, बुद्रुक हे शब्द अजून रोज बोलले जातात. ते कुठल्या समितीनं ठरवलेले नव्हते. कचेरीच्या पायरीवर, बाजारात आणि बांधावरच्या भांडणात लोकांनी ते आपापले उचलले होते.