थंडी, वेल आणि जगदीशचंद्र बोस

डिसेंबरात देवळाली कॅम्प, भगूर, लहवित परिसरात पारा घसरला की द्राक्षबागायतदाराची झोप उडते. वेलीला थंडी जाणवते हे त्याला सांगावे लागत नाही. वनस्पतीची ही जाणीव यंत्राने मोजून दाखवण्यासाठी आयुष्य वेचले ते सर जगदीशचंद्र बोस यांनी.

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमध्ये झाला. केंब्रिजला शिकून ते १८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. भारतीय म्हणून पगार कमी ठरला, तेव्हा त्यांनी तीन वर्षे बिनपगारी शिकवले. अखेर सरकारने पूर्ण पगार थकबाकीसह दिला.

रेडिओलहरींवरील कामानंतर ते वनस्पतींकडे वळले. साध्या वनस्पतीही विद्युत प्रतिसाद देतात, हे त्यांनी १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत मांडले. नामांकित शरीरशास्त्रज्ञांनी विरोध केला आणि निबंध छापला गेला नाही. बोस यांनी वाद घालण्यापेक्षा यंत्रे सुधारली. त्यांचा क्रेस्कोग्राफ वनस्पतीची वाढ १०,००० पट मोठी करून दाखवत असे. लाजाळूच्या देठाचा भाग थंड केला की संदेश मंदावतो आणि पुढे थांबतो, हेही त्यांनी नोंदवले. १९१७ मध्ये त्यांनी बोस संस्था उभारली. १९२० मध्ये त्याच रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे सगळे निष्कर्ष टिकले नाहीत, पण वनस्पतीत संदेशवहन होते हा मुद्दा टिकला.

आज पुढचे टप्पे माहीत आहेत. थंडीने पेशीचे पटल कडक होते, कॅल्शियम पेशीत शिरते आणि सीबीएफ गटातील जनुके जागी होतात. मग साखर, प्रोलीन व संरक्षक प्रथिने वाढतात. गहू, मोहरीसारखी पिके अशी तयारी चांगली करतात. पण तिला काही दिवसांची सौम्य थंडी लागते.

आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीमुळे ऐन थंडीत वेलीवर कोवळी फूट व मणी असतात. त्यांची ही क्षमता कमी, त्यात तापमान एकदम उतरते. म्हणून बाहेरून आधार द्यावा:

- पहाटे ठिबकने हलके पाणी द्यावे. ओली जमीन उष्णता धरून ठेवते.
- बांधावर शेकोट्या करून धूर बागेत राहू द्यावा.
- वाऱ्याच्या बाजूने शेडनेट लावावे.
- जादा नत्र टाळावे. कोवळी फूट आधी बळी पडते.