कै. केशवराव जेधे

बारामतीचे खासदार म्हटलें कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं तात्काळ एका घराण्याचें नांव येतें. परंतु १९५७ सालीं ह्याच बारामतीनें लोकसभेवर धाडलेले केशवराव मारुतराव जेधे कोण, असें आम्हीं वर्गांत विचारलें, तेव्हां एका मुलानें पुण्यांतील स्वारगेटचा चौक तेवढा सांगितला. निमगांव केतकीहून पुण्यास जाणारा प्रत्येक जण त्या चौकांत उतरतो. म्हणून त्या नांवाची ही थोडी ओळख.

केशवरावांचा जन्म १८९६ सालीं झाला. शिवकालांतील कान्होजी जेधे ह्यांचें हें घराणें. पुण्यांत त्यांचा पितळी भांड्यांचा धंदा होता. महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक विचारांचें बाळकडू केशवरावांस घरींच मिळालें.

तारुण्यांत त्यांची जीभ फार तिखट होती. १९२५ सालीं पुणें नगरपालिकेंत फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव त्यांनीं मांडिला. तो विरोधकांनीं हाणून पाडला. वाद विकोपास जाऊन दिनकरराव जवळकर ह्यांनीं लिहिलेलें ‘देशाचे दुश्मन’ हें पुस्तक केशवरावांनीं प्रसिद्ध केलें. लोकमान्य टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्या दिवंगत पुरुषांवर त्यांत जी चिखलफेक आहे, ती पाहतां तें पुस्तक आम्ही आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं देणार नाहीं. फुल्यांच्या निंदकांस तें उत्तर होतें, हें खरें. पण निंदेस निंदा हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. खटला होऊन दोघांस शिक्षा झाली. अपिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं त्यांची बाजू मांडिली व १९२६ सालीं ते निर्दोष सुटले.

पुढल्याच वर्षीं महाडच्या सत्याग्रहास जेधे-जवळकरांनीं पाठिंबा देऊं केला. मात्र ब्राह्मणांस त्यांत घेऊं नये, अशी अट घातली. बाबासाहेबांनीं ती साफ नाकारली. ज्यानें शिक्षेंतून सोडविलें त्याच्याच तोंडून हा नकार ऐकतांना केशवरावांस काय वाटलें असेल?

तीन वर्षांनीं, १९३० च्या कायदेभंगाच्या सुमारास, हेच केशवराव काँग्रेसमध्यें गेले, आणि काकासाहेब गाडगीळ ह्या ब्राह्मण गृहस्थाशीं त्यांची अशी जोडी जमली कीं पुणेंकर पाहतच राहिले. दोघेहि मध्यवर्ती कायदेमंडळावर गेले. पुढें घटना समितींतहि बसले.

१९४८ सालीं, शेतकऱ्यास काँग्रेसमध्यें न्याय मिळत नाहीं असें वाटून, शंकरराव मोरे ह्यांजबरोबर ते शेतकरी कामगार पक्षांत गेले. १९५४ सालीं परत काँग्रेसमध्यें आले. इतके पक्ष बदलणारा पुरुष मुलांपुढें ठेवावा काय, असें पालक विचारतील. पक्ष बदलले, हें आम्ही झांकीत नाहीं. कुणब्याच्या घराची बाजू मात्र त्यांनीं कधीं सोडली नाहीं. ६ फेब्रुवारी १९५६ रोजीं पुण्यांत ज्या सभेंत संयुक्त महाराष्ट्र समिति जन्मास आली, तिचे अध्यक्ष केशवरावच होते.

१२ नोव्हेंबर १९५९ रोजीं ते वारले. मराठी राज्य त्यानंतर साडेपांच महिन्यांनीं, १ मे १९६० रोजीं झालें. तें त्यांस पाहावयास मिळालें नाहीं. त्यांच्या रिकाम्या जागेसाठीं १९६० सालीं बारामतींत पोटनिवडणूक झाली. काँग्रेसनें त्यांचे चिरंजीव गुलाबराव ह्यांस उभें केलें. समोर वसंतराव पवार उभे होते, आणि त्यांचा पक्ष होता केशवरावांनीं स्वतः उभारलेला शेतकरी कामगार पक्ष. गुलाबराव निवडून आले.