आम्लतेला मोजपट्टी देणारे सोरेन सोरेन्सन

लिंबाच्या रसात निळा लिटमस कागद बुडवला की तो लाल होतो, हे तुम्ही करून पाहिलंय ना? पण लिंबू किती आंबट आणि ताक किती, हे लिटमस सांगत नाही. ते आकड्यात सांगायची पट्टी सोरेन सोरेन्सन यांनी दिली.

त्यांचा जन्म ९ जानेवारी १८६८ रोजी डेन्मार्कमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी झाला. ते कोपनहेगनला वैद्यकशास्त्र शिकायला गेले, पण तिथे रसायनशास्त्राची गोडी लागली. १९०१ मध्ये ते कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत रसायन विभागाचे प्रमुख झाले. पत्नी मार्ग्रेथे यांनीही तिथे त्यांच्यासोबत संशोधन केलं.

विकरांचं काम आम्लता बदलली की बदलतं, हे त्यांना मोजायचं होतं. अडचण आकड्यांची होती. शुद्ध पाण्यात एका लीटरला हायड्रोजन आयन जेमतेम ०.०००००‍०१ ग्रॅम! इतकी शून्यं लिहिताना चूक होणारच. मग १९०९ मध्ये त्यांनी युक्ती काढली. दशांश चिन्हानंतर १ हा अंक कितव्या जागी येतो? सातव्या. म्हणून शुद्ध पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, ७. सामू १ ने कमी झाला की आम्लता १० पट वाढते, बरं का!

आता या पट्टीची गंमत बघा. समुद्रात खडकाला चिकटून राहणारा सी स्क्वर्ट नावाचा प्राणी आहे. दाबला की पाण्याची पिचकारी मारतो. १९११ मध्ये नेपल्सला मार्टिन हेन्झे यांना त्याच्या रक्तपेशींत तीव्र आम्ल आणि व्हॅनेडियम धातू सापडला. काही जातींत रक्तातल्या द्रवाचा सामू ७ च्या जवळपास, तर त्याच रक्तातल्या काही पेशींच्या आत सुमारे २! म्हणजे पाच पायऱ्या, १ लाख पट फरक. मध्ये फक्त पातळ पडदा. काही जातींच्या अंगावरच्या जाड आवरणातही अशा आम्लाने भरलेल्या पेशी असतात. ७ आणि २ या दोन साध्या आकड्यांत केवढा फरक मावला, बघा!

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी सोरेन्सन यांचं निधन झालं. पण आजही शेतातली माती तपासताना सामू बघतातच.

आता तुम्ही सांगा : सामू ३ आणि सामू ५ यांच्या आम्लतेत किती पट फरक? वहीत सोडवा.