नाण्यांचे वजन, जनुकांचे अंतर आणि गणकयंत्र

बारावीनंतर ‘कॉम्प्युटर’लाच प्रवेश हवा, असे म्हणणारी मुले मीरा-भाईंदरमध्ये घरोघरी आहेत. त्यांनी दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव ऐकले असेल, तर ते इतिहासकार म्हणून. मुळात ते गणिती होते आणि संगणकाशीही त्यांचा जवळचा संबंध होता.

१९०७ साली गोव्यात जन्मलेले कोसंबी १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन भारतात परतले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. हजारो प्राचीन नाणी त्यांनी स्वतः तोलली. वापरात नाणे झिजते; त्या झिजेवरून ते किती काळ चलनात होते, याचा हिशेब त्यांनी मांडला.

१९४३ मध्ये त्यांनी गुंतागुंतीची माहिती थोड्या मुख्य घटकांत मांडण्याची रीत दाखवली. पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांनीही ती स्वतंत्रपणे शोधली व जगात ती त्यांच्याच नावाने रूढ झाली. संगणकाने चेहरा ओळखण्यासाठी हीच कल्पना वापरली गेली.

१९४४ चे काम आम्हा डॉक्टरांच्या जवळचे. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके जितकी लांब, तितकी त्यांची ताटातूट अधिक. पण दोनदा अदलाबदल झाली तर ती लपून राहते. शिवाय एका अदलाबदलीमुळे शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते. हे लक्षात घेऊन जनुकांमधले अंतर काढण्याचे सूत्र कोसंबींनी दिले. जनुकांचे नकाशे तयार करणाऱ्या संगणक-प्रणालींत ते आजही वापरले जाते.

होमी भाभांनी १९४५ मध्ये त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत गणकयंत्रांचा अभ्यास केला. संस्थेचे ‘टिफ्रॅक’ हे गणकयंत्र १९६० मध्ये सुरू झाले. ते उभारले आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९६२ मध्ये संस्थेने कोसंबींचा करार वाढवला नाही. १९६६ मध्ये, ५८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

संगणक अभियांत्रिकीत विद्युत-मंडले आणि प्रोग्रॅम दोन्ही शिकवतात. पण नाण्याची झीज किंवा जनुकांचे अंतर आकड्यांत कसे आणायचे, हे आधी माणसाला ठरवावे लागते. म्हणून या शाखेला जाणाऱ्याने गणिताचा कंटाळा करू नये आणि जीवशास्त्र, इतिहास असा आणखी एखादा विषयही मनापासून शिकावा.