टॉमस गेन्सबरो

इंग्लंडमधील सडबरी या लहानशा गावी १७२७ साली टॉमस गेन्सबरो यांचा जन्म झाला. वडील कापडाचे व्यापारी होते. गावाभोवतीची झाडे आणि रानवाटा रेखाटण्याचा छंद टॉमसला बालपणीच लागला. लंडनमध्ये चित्रकला शिकून ते परतले खरे, पण निसर्गचित्रांना गिऱ्हाईक मिळेना. संसार चालवायचा तर धनिकांचे चेहरे रंगवणे भाग होते. तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. सुमारे १७५० साली काढलेल्या अँड्र्यूज दांपत्याच्या चित्रात पतिपत्नी एका बाजूला आहेत. उरलेला अर्धा फलक शेतानेच व्यापला आहे!

१७५९ पासून बाथ येथे व १७७४ पासून लंडनमध्ये त्यांना अमाप कीर्ती लाभली. राजघराण्यानेही त्यांच्याकडून चित्रे काढून घेतली. तरी मन रानातच रमे. दगड, वाळक्या वनस्पती आणि आरशाचे तुकडे मेजावर मांडून ते छोटेसे रान उभारीत व त्यावरून चित्र काढीत. अशी कितीतरी चित्रे विकली न जाता घरीच पडून राहिली.

स्वभाव मानी होता. राजकन्यांचे चित्र किती उंचीवर टांगावे, यावरून १७८४ साली रॉयल अकादमीशी त्यांचे बिनसले. पुन्हा त्यांनी तेथे चित्र पाठवले नाही. अकादमीचे अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स हे त्यांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. १७८८ साली कर्करोगाने अंथरुणास खिळल्यावर गेन्सबरो यांनी पत्र लिहून त्यांनाच बोलावले. रेनॉल्ड्स आले. २ ऑगस्टला गेन्सबरो वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस रेनॉल्ड्स यांनी अकादमीच्या विद्यार्थ्यांपुढे त्यांच्या कलेवर व्याख्यान दिले.