सत्तेची नाडी ओळखणारे इब्न खल्दून

इब्न खल्दून यांचा जन्म १३३२ मध्ये ट्युनिस शहरात झाला, तो रमजानच्या पहिल्या चंद्रतारखेला. १४०६ मध्ये कैरोत त्यांचे निधन झाले, तेही रमजानमध्येच. मधली ७४ वर्षे सत्तेच्या सावलीत गेली. तरुणपणीच प्लेगने आई-वडील हिरावले. पुढे त्यांनी अनेक सुलतानांची चाकरी केली, बाजू बदलल्या, फेज शहरात तुरुंगवासही भोगला.

अखेर दरबाराला कंटाळून ते आजच्या अल्जेरियातील एका गढीत जाऊन राहिले. तेथे १३७७ मध्ये त्यांनी 'मुकद्दमा' लिहिला. टोळीच्या प्रमुखाचे लोक आपखुशीने ऐकतात. राजा मात्र बळाने ऐकायला लावतो, हा फरक त्यांनी मांडला. पण ते बळही लोकांच्या एकजुटीतूनच येते. तिला त्यांनी 'असबिया' म्हटले. पुढच्या पिढ्या ऐषारामात ही एकजूट गमावतात, भाडोत्री फौजेवर विसंबतात, खर्चासाठी कर वाढवतात. कष्टाचे फळ हिरावले जाणार असे दिसले की माणूस हात आखडतो. बाजार ओस पडतात आणि खजिनाही आटतो. म्हणजे जुलूम आधी प्रजेला आणि मग राज्यालाच बुडवतो.

१४०१ मध्ये तैमूरने दमास्कसला वेढा घातला, तेव्हा वृद्ध इब्न खल्दून दोराच्या साहाय्याने तटावरून उतरून त्याला भेटले. त्यांना अभय मिळाले. शहर मात्र लुटले, जाळले गेले. तैमूरनंतर त्याचे साम्राज्यही वारसांच्या भांडणात विस्कटले. तलवारीने गादी मिळते. ती टिकते न्यायाने.