दोन रुपयांच्या नोटेमागचा माणूस

नाणी-नोटा जमवणाऱ्या कुणाकडेही जुनी दोन रुपयांची नोट हमखास सापडते. तिच्या मागच्या बाजूला ‘आर्यभट’ हा भारताचा पहिला उपग्रह आहे. १९ एप्रिल १९७५ रोजी तो अवकाशात गेला आणि पुढे गरिबाच्याही खिशात राहणाऱ्या या नोटेवर आला. ज्यांनी या कामाचा पाया घातला, ते डॉ. विक्रम साराभाई तोवर हयात नव्हते.

साराभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९चा, अहमदाबादच्या धनाढ्य गिरणीमालक घराण्यातला. शिक्षण केंब्रिजला. महायुद्धामुळे मायदेशी परतल्यावर त्यांनी बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्याकडे विश्वकिरणांचा अभ्यास केला. १९४७ मध्ये, अवघ्या २८व्या वर्षी, त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी केली.

पुढे अग्निबाण सोडण्यासाठी जागेचा शोध सुरू झाला. त्यात कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस त्यांच्यासोबत होते. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळचे, केरळच्या किनाऱ्यावरचे थुंबा गाव पसंत पडले. पण तिथे ख्रिस्ती मच्छीमारांची वस्ती होती आणि मेरी मॅग्डालीनचे चर्च होते. मालवण-देवगडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. रापण ओढणाऱ्याचे पोट, घर आणि प्रार्थना सारे किनाऱ्यालाच बांधलेले असते.

साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना जाऊन भेटले. बिशपनी त्यांना रविवारच्या प्रार्थनेला बोलावले आणि सगळी गोष्ट गावकऱ्यांसमोर मांडली. गावकऱ्यांनी होकार दिला. चर्चमध्ये कार्यालय थाटले, बिशपच्या घरात कार्यशाळा. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात. जोडणीची जबाबदारी रामेश्वरमच्या एका नाववाल्याच्या मुलाकडे होती. त्याचे नाव अब्दुल कलाम. २१ नोव्हेंबर १९६३च्या संध्याकाळी अमेरिकेकडून मिळालेला पहिला अग्निबाण थुंब्याहून झेपावला.

गरीब देशाला हा खर्च कशाला, असे तेव्हा अनेकांना वाटे. साराभाईंच्या मनात मात्र खेड्यातल्या मुलांचे शिक्षण, शेतकऱ्याचे हवामान आणि दळणवळण होते. १९६९ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने ‘इस्रो’ स्थापन झाली. ३० डिसेंबर १९७१ रोजी, ५२व्या वर्षी, थुंब्यापासून जवळच असलेल्या कोवळम येथे त्यांचे निधन झाले.

आज उपग्रह समुद्राच्या पाण्याचे तापमान आणि रंग टिपतात. त्यावरून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे, हे हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था मच्छीमारांना कळवते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आपला किनारा झोडपला, तेव्हाही त्याचा इशारा आधीच मिळाला होता.

देणारा गेल्यावरही ज्याचा लाभ लोकांना होत राहतो, अशा दानाला सदका-ए-जारिया म्हणतात. थुंब्याच्या कोळ्यांनी आपली घरे आणि चर्च दिले, साराभाईंनी आयुष्य दिले. त्याचा लाभ आज मालवणच्या होडीपर्यंत पोहोचतो आहे.